एकोणीस अंशांचा फ्रीज

मी घरी बिअर करायला लागले, तेव्हा सासरे, म्हणजे आमचे बाबा, आमच्याकडे पनवेलला राहायला येऊन वर्ष झालं होतं. ते विज्ञानाचे निवृत्त शिक्षक, दारूच्या थेंबालाही कधी न शिवलेले. पहिल्यांदा जवाचं माल्ट उकळायला ठेवलं तेव्हा मी जरा धास्तावलेच होते. त्यांनी पातेल्यात डोकावून एवढंच विचारलं, "यीस्ट किती अंशांना घालणार?"

अडचण तिथेच होती. माझ्या यीस्टला विशीच्या आत बरं वाटायचं आणि एप्रिलमध्ये आमच्या स्वयंपाकघरात पारा तिशीच्या खाली उतरत नव्हता. मी बिअरचा बंद डबा पाण्याच्या टबात ठेवून भोवती बर्फाच्या बाटल्या सोडायचे. ऑफिसमधून परत येईपर्यंत पाणी कोमट. त्या बिअरला नेलपॉलिश रिमूव्हरचा वास आला. नवऱ्याने एक घोट घेतला आणि ग्लास तसाच बेसिनपाशी ठेवला.

दुसऱ्या खेपेला बाबा म्हणाले, "बाटल्या मी बदलीन. तू दुपारी फोन करून विचारत बसू नकोस."

दर तीन तासांनी त्यांनी बाटल्या बदलल्या. बिअर पिण्याजोगी झाली. पण त्या दहा दिवसांत त्यांनी शिरढोणच्या मित्राकडे जाणं दोनदा पुढे ढकललं होतं, हे मला नंतर कळलं आणि फार ओशाळल्यासारखं झालं. त्याच आठवड्यात मी एक जुना फ्रीज घेतला.

त्याला तापमान ठरवून देणारा कंट्रोलर बसवायला बेलपाड्याचा एक मेकॅनिक आला.

"ताई, कितीला लावू?"

"एकोणीस."

त्याचा हात थांबला. "एकोनीसला भाजी टिकनार नाय."

"भाजी नाही, बिअर ठेवायची आहे."

त्याने चोरून बाबांकडे पाहिलं. बाबा गंभीरपणे म्हणाले, "एकोणीसच लावा. मी वाचून खात्री केली आहे."

"मंग माजं काय जातंय," म्हणून तो हसला आणि कामाला लागला.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबांचाच फोन आला. "कंट्रोलर एकोणीस म्हणतोय, पण मी डब्याला थर्मामीटर लावलं तर चोवीस."

कंट्रोलरचा सेन्सर फ्रीजच्या हवेत लोंबत होता. हवा गार होती, पण आंबताना बिअर स्वतःच तापते, ते त्याला कळत नव्हतं. संध्याकाळी आम्ही दोघांनी सेन्सर डब्याच्या पोटाला टेकवला, फ्रीजची हवा त्याला लागू नये म्हणून वर भांडी घासायच्या नव्या स्पंजचा तुकडा दाबला आणि चिकटपट्टीने गुंडाळून टाकला. सकाळी दोन्ही आकडे जुळले. बाबांनी चष्मा पुसून पुन्हा एकदा पाहिले.

महिन्याभराने पहिली बाटली उघडली. मेकॅनिकलाही बोलावलं होतं. बाबांनी ग्लास फक्त नाकाशी नेला. "पावाचा वास येतोय. थोडा संत्र्याच्या सालीचाही," म्हणाले आणि ग्लास नवऱ्याच्या हातात दिला. या वेळी नवऱ्याने तो रिकामा केला.

"बाजारच्यापरीस बरी हाय," मेकॅनिक म्हणाला. मग त्याने स्पंजचं कारण विचारलं. बाबांना आणखी काय हवं होतं? त्याला फ्रीजसमोर उभं करून त्यांनी उष्णतेचा अख्खा धडा शिकवला. तो बिचारा मान डोलवत होता आणि हातातली बिअर कोमट होत होती.