काटकसरताईंनी वेग वाढवला नाही

आमच्या रुग्णवाहिका नियंत्रण कक्षात सर्व्हर सांभाळणाऱ्या बाईंना सगळे काटकसरताई म्हणतात. हे नाव त्यांच्या सासूबाईंनी दिलेलं नाही. त्यांनी दिलं असतं तर ते अधिक नेमकं असतं.

एका लोखंडी सर्व्हरच्या पोटात अनेक आभासी मशीन नांदतात. त्यांतलं एखादं चालू असतानाच दुसऱ्या सर्व्हरवर हलवायचं, तर त्याची सगळी मेमरी नेटवर्कवरून वाहून न्यावी लागते. मोकाट सोडलं तर हे बिऱ्हाड अख्खा रस्ता अडवतं, आणि मदत मागणाऱ्यांचे आवाजही त्याच रस्त्याने येतात. ताई पूर्वी फोनवर बसत. एकदा कुणीतरी मशीन असंच बेलगाम हलवलं आणि त्यांच्या कानात अर्धाच पत्ता पोचला. गाडी वेळेवर गेली, पण शेजारच्या गल्लीत. त्यानंतर ताई सर्व्हर शिकल्या आणि अशा स्थलांतराच्या वेगाला काटकसरीने मर्यादा घालू लागल्या.

परवा सकाळी साडेदहाला एका जुन्या सर्व्हरचा पंखा बंद पडला. कुठली गाडी कुठे आहे हे सांगणारं मशीन नेमकं त्याच्यावर! तापमान चढू लागलं. हातात फार तर वीस मिनिटं. ताईंनी मर्यादा घालून स्थलांतर सुरू केलं. नव्वद टक्के, शहाण्णव... आणि पुन्हा एक्याण्णव! जेवढी मेमरी पलीकडे जाई, तेवढी इकडे नव्याने लिहिली जात होती.

आमचे साहेब घाईघाईने आले. "अहो, काढा ती मर्यादा! जळून गेल्यावर काय मोजत बसणार?"

"पलीकडच्या टेबलांवर सात फोन चालू आहेत साहेब. आवाज तुटतील."

"मग हे संपणार कधी?"

"लिहिणारा थांबला की." ताईंची बोटं कीबोर्डवर नाचत होती. "सापडला! तुमच्या केबिनमधल्या पडद्यावरचा तक्ता. दर सेकंदाला सगळ्या गाड्यांची मोजदाद करतोय."

"तो पाहुण्यांना दाखवायला आहे."

"पाहुणे आलेत?"

"नाही."

"मग बंद करून या. पळा!"

साहेब पळाले. माझ्या नोकरीत त्यांना पळताना पाहण्याचा योग प्रथमच आला. त्र्याण्णव. सत्त्याण्णव. नव्व्याण्णव! आकडा तिथेच अडला.

शंभर!

त्याच क्षणी त्या सातांपैकी एका फोनवरची मुलगी कुणाला तरी सांगत होती, "निळं फाटक, दुसरा मजला, बरोबर? गाडी वळणावर आलीय काका. दार उघडून ठेवा." एक अक्षर तुटलं नाही. जुना सर्व्हर त्यानंतर चार मिनिटांनी बंद पडणार होता. त्याची कुणी दखलही घेणार नव्हतं.

"पोचलं! अहो, पोचलं!" ताई ओरडल्या.

मुलीने माइकवर हात ठेवला. "ताई, हळू! इथे माणूस बोलतोय."

ताईंनी जीभ चावली. मग धापा टाकत परतलेल्या साहेबांना त्यांनी दाराआड ओढलं, आणि एकूण शंभर वर्षं वयाच्या त्या दोघांनी एकमेकांचे हात धरून, अजिबात आवाज न करता, उड्या मारल्या.