मोकळा झालेला रस्ता

वासंतीताई गेल्याची बातमी मला ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळली. त्याच्या थोडंच आधी कुणीतरी चंदीगडला लागून असलेल्या झिरकपूरच्या रस्त्याचा फोटो टाकला होता. ऐन संध्याकाळची वेळ, तरी एकही गाडी अडकलेली नाही. खाली टाळ्याच टाळ्या. मग निरोप आला, त्याच रस्त्यावर भाजीची पिशवी घेऊन पलीकडे जाताना ताईंना गाडीनं उडवलं... टाळ्या काढून टाकायचं कुणाला सुचलं नाही. मलाही नाही.

ताई मूळच्या अमरावतीच्या. यजमान हवाई दलात होते, त्यांच्या बदलीमुळे चंदीगडला आल्या आणि ते वारल्यावरही इथंच राहिल्या. रस्त्यांचं नियोजन करणाऱ्या एका छोट्या कंपनीत आम्ही बरोबर काम करायचो. मी साताऱ्याहून आलेला नवखा. माझं हिंदी ऐकून सगळे हसायचे, तेव्हा ताई डब्यातली अर्धी भाकरी माझ्यापुढे सरकवून म्हणायच्या, "खा. हसणारे दमतात." झिरकपूरच्या रस्त्याचं काम आमच्याकडे आलं, तो त्यांच्या घरासमोरचाच रस्ता. दोन्ही कडांना दुहेरी रांगेत गाड्या लागलेल्या आणि मधून सगळं तुंबलेलं. ताई भर उन्हात दुकानांच्या पायऱ्यांवर बसून कुठली गाडी किती वेळ उभी राहते ते वहीत लिहायच्या. बऱ्याचशा गाड्या गिऱ्हाइकांच्या नव्हत्याच, दुकानदारांच्याच होत्या. त्यांनी आराखडा केला : पार्किंग मागच्या मोकळ्या जागेत न्यायचं, दुभाजकातल्या फटी बुजवायच्या आणि बाजारासमोर पायी जाणाऱ्यांसाठी पट्टे आणि सिग्नल.

साहेबांना सिग्नल नको होता. "गाड़ी फिर रुकेगी, तो फायदा क्या हुआ?" ताई हटल्या नाहीत. मग साहेबांनी ते काम माझ्याकडे दिलं. त्याच महिन्यात माझ्या बढतीचं ठरायचं होतं. मी संगणकावर पट्टे निवडले आणि पुसले. ताई मागेच उभ्या होत्या. "काऊन रे सुनील, माणसं काय उडत जातील?" मी मान न वळवता म्हणालो, "ताई, पटत नसेल तर सही करू नका." त्यांनी केली नाही. माझी चालली. बढती मिळाल्यावर त्यांना माझ्या हाताखाली दिलं, आणि पंधरवड्यात त्यांनी राजीनामा दिला. तो मीच मंजूर केला.

रस्ता मोकळा झाला, गाड्या सुसाट धावू लागल्या. एकदा ताईंचा फोन आला. "अरे, मघापासून उभी आहे, पलीकडे जाताच येत नाही." मी म्हणालो, "पुढच्या चौकातून वळून या ना." "माझे गुडघे ठाऊक आहेत ना तुला?" मीटिंग आहे असं सांगून मी फोन ठेवला. मीटिंग नव्हती... आमचं शेवटचं बोलणं ते.

ताईंच्या इमारतीखाली झालेल्या शोकसभेत साहेब म्हणाले, "ये रास्ता मैडम का सपना था. आज मैं यहाँ कितनी जल्दी पहुँच गया!" लोकांनी माना डोलावल्या. मीही डोलावली.

नंतर त्यांची मुलगी रेवा मला वर घरी घेऊन गेली. तिला मराठी कळतं, पण ती बोलते हिंदीतच. रस्त्यावरच्या बाल्कनीत खुर्ची होती. "मम्मी दिनभर यहीं बैठती थीं," ती म्हणाली. "नीचे कोई क्रॉस करने लगे तो ऊपर से चिल्लाती थीं. लोग पागल समझते थे." मग तिनं विचारलं, "काका, यहाँ क्रॉसिंग क्यों नहीं बनाई किसी ने?"

"बसतच नव्हती गं इथं," मी म्हणालो. तिनं विश्वास ठेवला, वर चहाही केला.

माझी गाडी पलीकडच्या पार्किंगमध्ये होती. खाली येऊन मी कडेला उभा राहिलो, गाड्यांमध्ये फट दिसली तसं पाऊल टाकलं, आणि वरून आवाज आला, "थांबा!" अगदी ताईंचाच हेल. एक ट्रक अंगावरून गेल्यासारखा गेला. बाल्कनीच्या कठड्यावर ओणवी होऊन रेवा दोन्हीकडे बघत होती. बऱ्याच वेळानं ती ओरडली, "आता जा, काका."

मी गेलो.