तीन ताटल्यांतली द्राक्षं

भाऊजी गेल्याची तार आली तेव्हा मी दाढी करत होतो. अर्ध्या दाढीनिशीच ब्रह्मपुरीची मोटार गाठली. एरवी या अवतारावर सगळ्यांत आधी भाऊजीच हसले असते...

माझ्या थोरल्या बहिणीचे (तिला मी बाई म्हणतो) हे यजमान एका लहानशा सरकारी शेतावर प्रयोगशाळेत होते. धानाच्या मुलखात द्राक्षं पिकवायची, हा त्यांचा ध्यास. तीन वेल लावले होते. एकाला शेणखत, एकाला पेंड, तिसऱ्याला नुसतं पाणी. घोस पिकले की रस काढायचा आणि काचेच्या नळीतून औषधाचे थेंब सोडत आंबटपणा मोजायचा. शेणखताचा वेल सरस ठरला तर आणखी वेल लावायला मिळणार होते. नाहीतर तिथं पुन्हा धान.

तपासणीच्या दिवशी मी पाहुणा म्हणून हजर. ओसरीवर चिठ्ठ्या डकवलेल्या तीन ताटल्या, त्यांत एकेक घोस. भाऊजी आंघोळीला जाताना म्हणाले, "साळेबुवा, याले हात नोका लावू. तुमचं पोट मले माहीत हाय!" खाण्याचा मोह मी आवरला, पण शहाणपणाचा आवरला नाही. नवं फळ मातामायला दाखवल्याशिवाय कापायचं कसं? तिन्ही घोस उपरण्यात घेतले, पारावर देवीच्या पायांशी टेकवले आणि परत आणले. मग ताटल्यांसमोर उभा राहिलो... कोणता घोस कोणत्या ताटलीतला? लावले अंदाजानं.

शेणखताची चिठ्ठी असलेला रस सर्वांत आंबट निघाला. भाऊजी कितीतरी वेळ ती नळी हातात धरून बसले. "असं काऊन झालं? माह्याच हातानं चूक झाली का?" मी सुपारी कातरत राहिलो. सांगू, उद्या सांगू म्हणता म्हणता वेल उपटले गेले. चार वर्षं गेली. प्रत्येक भेटीत सांगायचं ठरवून जायचो आणि जेवून यायचो.

तेरवी झाल्यावर परवा पुन्हा गेलो. बाई चहा ठेवत होती. तिनं पेल्यानं पाणी मोजलं, ओतून दिलं, पुन्हा मोजलं.

"हे काय, बाई?"

"तुह्या भाऊजीचीच सवय लागली रे. शेवटी शेवटी औषधबी दोनदा मोजत. म्हणत, माह्या हाताचा भरवसा नाई."

मग मात्र मी सगळं सांगून टाकलं. मातामाय, उपरणं, ताटल्या... बाईनं पेला खाली ठेवला. मला वाटलं, रडेल, नाहीतर शिव्या तरी देईल.

"मले काऊन सांगून राह्यला रे आता?" एवढंच म्हणाली.