बाळंतिणीच्या खोलीतून मिळालेली जबानी

कल्याणात खाडीकडच्या एका आळीतून आलेला तो अर्ज मी अजून विसरलेलो नाही. फौजदारीच्या नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, रेल्वेच्या मालाच्या चोऱ्या तर नित्याच्याच होत्या. तरी जुन्या गोष्टी निघाल्या की माझ्या तोंडी प्रथम येते ती एका कुत्र्याची चौकशी. माणसांची नावे मी लिहीत नाही. कुत्र्याचे लिहायला हरकत नसावी. त्याचे नाव खंड्या.

खंड्या एका निपुत्रिक विधवेचा. नवरा गेल्यावर बाई त्या घरात एकटीच राहत होती. अर्ज केला होता तिच्या सख्ख्या दिराने. धान्याचा व्यापारी, आळीत वजनदार माणूस. कुत्रा दिवसभर भुंकतो, शेजाऱ्यांना घरात बसवत नाही, पोरेबाळे दचकतात, शेजारच्या बाळंतिणीला झोप नाही, तरी सरकारने तो मारून टाकावा, असा मजकूर. खाली आळीतल्या बऱ्याच जणांच्या सह्या.

बेवारस, पट्टा नसलेली कुत्री मारण्याची दवंडी त्या सुमारास फिरलेली होती. पण पाळलेल्या जनावराची गोष्ट वेगळी. शेजाऱ्याने लेखी तक्रार द्यायची, आम्ही जागेवर जाऊन चौकशी करायची, मालकाला समज द्यायची आणि तरीही उपद्रव थांबला नाही तर प्रकरण मॅजिस्ट्रेटपुढे ठेवायचे. व्यापाऱ्याला एवढा दम नव्हता. त्याची मामलेदार कचेरीत ऊठबस होती. कुत्र्यापायी एवढा खल कशाला, असा निरोप मला तिकडून आला. चौकशी पुरी झाल्यावर कळवतो, असे मी उत्तर पाठवले.

मी बाईंच्या घरी गेलो. पन्नाशीच्या, काटक, कमी बोलणाऱ्या. कुत्रा परसात कुडाजवळ बांधलेला. मी परका माणूस, अंगावर गणवेश, बरोबर हवालदार. तरी तो उठून उभा राहिला आणि शेपटी हलवू लागला. बोळातून माणसे गेली, एक बैलगाडी गेली, तो भुंकला नाही. बाई म्हणाल्या की पूर्वी तो असाच शांत असे, दिवाळीनंतर बिघडला. दुपारी त्या आत आडव्या झाल्या की पिसाळल्यासारखा करतो. मग त्यांनी खालच्या आवाजात विचारले, "रावसाहेब, त्याला नेणार का तुम्ही? तो गेला तर मी या घरात राहू शकणार नाही. भाऊजींना तेच हवं आहे."

मी कारण विचारले. स्टेशन झाल्यापासून त्या बाजूच्या जागांना भाव आला होता आणि दिराला तिथे नवी वखार घालायची होती. बाईंनी भिवंडीला माहेरी जाऊन राहावे, असा त्याचा आग्रह होता. बाई हलत नव्हत्या.

एवढ्यावरून कोणाला गुन्हेगार ठरवता येत नाही. मी सह्या करणाऱ्यांना एकेक करून चौकीवर बोलावले. बहुतेकांचे म्हणणे एकच: कुत्रा भुंकतो खरा, पण शेटजींनी कागद पुढे केला म्हणून सही केली. एका मास्तरांची तक्रार मात्र खरी होती. त्यांचे घर बोळाच्या पलीकडे, बायको नुकतीच बाळंत झालेली. भुंकण्याने मूल दचकून उठे आणि तिला डोळ्याला डोळा लागत नसे. दुपारी तुम्ही घरी असता का, असे मी विचारले. ते शाळेत असत.

म्हणजे दुपारभर ते ऐकणारे माणूस एकच होते आणि त्याला कोणी विचारले नव्हते.

मास्तरांना हे पसंत पडले नाही. बाळंतिणीची जबानी पोलिसांनी घ्यायची म्हणजे काय! मी हट्ट सोडला नाही. शेवटी त्यांच्या सासूबाई मध्ये पडल्या. मी मागल्या दाराबाहेर उभा राहिलो आणि आतून त्या मुलीचा आवाज आला, थकलेला पण स्वच्छ.

"आधी कुडावर काठी वाजते. मग कोणीतरी छू छू करतं. मग कुत्रा कळवळतो आणि त्यानंतर भुंकायला लागतो. रोज असंच. मी आईला सांगितलं होतं, पण कुत्र्याचं कोण ऐकून घेणार?"

मी परत जाऊन खंड्याच्या अंगावरचे केस बाजूला केले. बरगड्यांवर टोचल्याच्या जखमा होत्या, काही जुन्या, काही ओल्या. बाईंनी तोंडाला पदर लावला.

दुसऱ्या दिवशी दुपारी हवालदार दोन पंच घेऊन मास्तरांच्या गोठ्यात बसला. ऊन चढल्यावर एक माणूस बोळात आला, टोकाला खिळा ठोकलेली काठी त्याने कुडातून आत घातली आणि तो काठीसकट धरला गेला. दिराच्या वखारीवरचा हमाल होता तो. चौकीवर मी त्याला दरडावले नाही. पाणी दिले, बसवले आणि काठी समोर ठेवली. त्याने ती बाजूला सारली. मग म्हणाला, "शेटनी सांगलं, म्हनून टोचलं. मना त्या कुत्र्याशी काय वैर?"

शेटजी मोठ्या तोऱ्यात आले. हमाल खोटे बोलतो, बाईने फितवला असेल, असे म्हणू लागले. मी पंचनामा वाचून दाखवला. मास्तरांची बायको तर माझ्याच बाजूची आहे, तिला विचारा, असे ते म्हणाले. मी म्हटले, "तिचीच जबानी आहे. तुमच्या अर्जात जिचा त्रास लिहिलाय, तिनंच सांगितलं."

 मॅजिस्ट्रेटने दंड केला आणि भावजयीला पुन्हा त्रास देणार नाही असा मुचलका लिहून घेतला. अर्ज निकालात निघाला.

पण भुंकण्याचा त्रास मास्तरांच्या घराला झाला होता, हेही खरेच. मी बाईंना समज द्यायला गेलो, तर त्यांनी आधीच कुत्रा पुढच्या पडवीत आणून बांधला होता. "पोर झोपू दे बिचारं," एवढेच म्हणाल्या. त्या अखेरपर्यंत त्याच घरात राहिल्या.

पुढे ठाण्याला असताना आणि त्यानंतरही नव्या शिपायांना मी हेच सांगत आलो: शेजाऱ्यांच्या भांडणात जो सर्वांच्या वतीने बोलतो, त्याचे ऐकून घ्यावे, पण तेवढ्यावर थांबू नये. ज्याची झोप मोडली आहे, त्याच्या दारापर्यंत जावे. दार बंद असले तर बाहेर उभे राहावे आणि विचारावे.