नकाशा धरणारा खगेन

कुर्शाबाडीच्या शाळेत भिंत खिळा धरेना, म्हणून खगेनला जगाचा भूगोल आला. खिळा निघाला तसा मास्तरांनी नकाशा या रोजंदारीच्या शिपायाच्या हातात दिला. दोन्ही हात वर करून तो तासभर उभा राहायचा. बारा वर्षांत काँगो नदी, चिलीचं तांबं, सारं त्याला पाठ. स्वतः एक इयत्ताही न शिकलेला माणूस, पण पोर अडलं की डोळ्यानं दिशा दाखवायचा.

स्वतःचं गाव मात्र त्याला कुठल्याच नकाशात सापडलं नाही. त्याचं बालाडोबा म्हणजे छिट. चारी बाजूंना भारत आणि मध्ये हा बांगलादेशाचा तुकडा. बांध ओलांडला की परका मुलूख, कुर्शाबाडी त्यातलीच. इतिहासाच्या पुस्तकात फाळणीला दीड पान. रेघ ओढली, दोन देश झाले, धडा संपला. रेघ ओढताना शाईचे थेंब सांडले आणि त्या थेंबांत माणसं राहिली, हे पुस्तकाला कुणी कळवलंच नव्हतं.

छिटात ना शाळा, ना दवाखाना. पोर शिकवायचं तर पटावर लावायला बांधापलीकडचा बाप उसना घ्यायचा. खगेनची लेक फुलती कागदावर कुर्शाबाडीच्या जादब बर्मनची मुलगी. त्याबदल्यात खगेन दर पावसाळ्यात जादबचा ताग सोलून द्यायचा. शाळेत फुलती खऱ्या बापाला म्हणायची 'काका'. चौथीपर्यंत कधी चुकली नाही.

चौथीत तपासणीस आले.

"नाव?"

"फुलती बर्मन."

"वडील?"

"जादब बर्मन."

"काँगो दाखव." तिनं दाखवली.

"वा. आता जिल्हा लाव रे." खगेननं नकाशा बदलून पुन्हा हात वर केले.

"तुझं गाव कुठं, बाळ?"

फुलतीचं बोट कुर्शाबाडीच्या ठिपक्यापुढं सरकलं आणि कोऱ्या जागेवर थांबलं. घर तिथंच होतं. तिनं मान वर केली. "बाबा, दाखवू?"

मास्तरांच्या हातातला खडू मोडला. आता पोरीचं नाव पटावरून जाणार आणि आपण गजाआड, हे खगेनला उभ्याउभ्या दिसलं. पळावं तर नकाशा पडतो. हात वरच राहिले.

"बाबा?" तपासणिसांनी चष्मा काढला.

"सगळीच मला बाबा म्हणतात, साहेब."

"सगळ्यांचा बाप तू?"

"देवानं हात आखडला नाही."

वर्गातली निम्मी पोरं छिटातली, उसन्या बापांची. मागच्या बाकावरून आवाज आला, "बाबा, नकाशा तिरका झालाय." दुसरं म्हणालं, "बाबा, घंटा कधी?"

तपासणीस हसले. "दाखव बाई गाव."

फुलतीनं बोट मागं घेऊन कुर्शाबाडीवर ठेवलं.

"बरोबर," ते म्हणाले.

तपासणीस पुन्हा येतील या धास्तीनं तेव्हापासून सगळी शाळा खगेनला बाबा म्हणू लागली. फाटकात पाय ठेवला की चाळीस पोरं 'बाबा, बाबा' करत गोळा व्हायची.

फुलतीनं मात्र धसका घेतला. शाळेत ती त्याला हाकच मारीना. आईनं समजावलं, "अगं, घरात तरी बाबा म्हण, इथं कोण बघतंय?" तरी संध्याकाळी ती दाराशी येऊन एवढंच म्हणाली, "काका, भात वाढलाय."

खगेन उठला आणि जेवायला बसला.