वीज थांबेपर्यंतचं गणित

सबनीस मॅडमनी मला पुन्हा वही धरायला लावली. हे आधी लिहितो, कारण बाकीचं लिहिताना हात थांबतो. मी नववी पास, दहावी अर्धवट. चुका वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्याव्यात. पाच आठवड्यांपूर्वी आमच्या टीममधल्या इरफानचा फोन आला, "अंकल, चेर गेल्या." टीचरला इथली मुलं चेर म्हणतात. मी गवत कापायचं मशीन बंद केलं आणि मैदानाकडेच्या शेडखाली जाऊन बसलो.

मी कोल्हापूरचा. सिंगापुरातल्या एका पॉलिटेक्निकचं फुटबॉल मैदान सांभाळतो. मॅडम तिथंच गणित शिकवायच्या. मूळच्या पुण्याच्या, आंग मो किओ भागातल्या फ्लॅटमध्ये एकट्या राहायच्या. फुटबॉलमधलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. ऑफसाइड मी तीनदा समजावला, तिन्ही वेळा म्हणाल्या, "म्हणजे पुढं गेल्याची शिक्षा? कमाल आहे!" पण बाद फेरीचे सामने आणि परीक्षा दरवर्षी एकाच पंधरवड्यात यायच्या, खेळाडू वर्गातून गायब व्हायचे. त्यावर मॅडमनी स्वतःचा इलाज शोधला होता. इथं दुपारी ढग भरून आले की विजेच्या इशाऱ्याचा भोंगा वाजतो, आणि मैदान रिकामं करावंच लागतं. सगळे धावत शेडखाली यायचे, तर तिथं मॅडम आधीच बसलेल्या, मांडीवर गणिताचे कागद.

"चेर, ढग तुमच्या ओळखीचे आहेत लाह!" एखादा ओरडायचा; वाक्यामागं 'लाह' लावायची इथली सवयच.

"आहेतच. बस खाली. तिसरं उदाहरण."

समोर ओलं गवत धुरकट होत जायचं. वीज चमकली की गोलपोस्ट पांढरेफटक दिसायचे आणि पुन्हा पावसात विरघळायचे... भिजलेल्या बुटांचा वास, पेन्सिलींची कुरकुर, आणि मॅडमचा आवाज कुठून तरी लांबून आल्यासारखा. इशारा उठेपर्यंत तेवढंच जग.

इरफान आमचा गोलकीपर. एका वर्षी त्याची गणिताची फेरपरीक्षा नेमकी सेमीफायनलच्याच दुपारी आली. तीही गेली तर कोर्स सोडावा लागणार होता. त्यानं मला विचारलं. मी मोडक्या इंग्रजीत म्हणालो, "खेळ. पेपर परत देता येतो, सेमीफायनल परत मिळत नाही." हे वाक्य माझं नव्हतं. माझ्या दहावीच्या भूमितीच्या पेपरादिवशी आमच्या पेठेची फायनल होती, तेव्हा टीममधल्या मोठ्यांनी मला हेच सांगितलं होतं. फायनल आम्ही जिंकली. शाळेत मी परत गेलोच नाही.

मॅडमनी ऐकलं. मला वाटलं, आता तक्रार जाणार, वर्क परमिट जाणार. त्या एवढंच म्हणाल्या, "दिलीप, तुम्ही दिलात परत पेपर?" मी नकारार्थी मान हलवली. "मग त्याला सगळं सांगा. जिंकलात, तेही सांगा."

मी सांगितलं. इरफान नुसता हातमोज्यांच्या पट्ट्या उघडत-मिटत राहिला. तो पेपरला बसला. सामना दुसऱ्या कॉलेजच्या मैदानावर, म्हणून मॅडमनी बाहेर टॅक्सी थांबवून ठेवली होती, पण तो मैदानात उतरला तेव्हा उत्तरार्ध सुरू झाला होता आणि आम्ही दोन गोलांनी मागे होतो. हरलोच. रडत रडत तो मॅडमना म्हणाला, "तुमच्यामुळं."

"हो, माझ्यामुळं. निकालापर्यंत रागाव."

तो पास झाला. तरी त्याचं ते रडणं आठवलं की अजून वाटतं, बरोबर केलं का आम्ही...

पुढच्या पावसात मॅडमनी माझ्यापुढंही कागद ठेवला. भूमितीचा, मराठीत, त्यांच्या अक्षरातला. "सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसता येतं, माहितीय ना?"

"या वयात, मॅडम?"

"त्रिकोण वय विचारत नाही हो."

त्यानंतर प्रत्येक भोंग्याला मीही कागद घेऊन बसू लागलो. फॉर्म मात्र पुढं ढकलत राहिलो. मग मॅडम आजारी पडल्या. शेवटचं भेटलो ते नोव्हेना भागातल्या हॉस्पिटलात. त्यांनी विचारलं, "फॉर्म भरलात का?" मी म्हणालो, "भरला." खोटं बोललो. त्या डोळे मिटून हसल्या. ओळखलं असणार...

मॅडम, गेल्या रविवारी फॉर्म खरंच भरला. मार्चमध्ये रजा घेऊन कोल्हापूरला जाईन, सोळा वर्षांच्या पोरांशेजारी बाकावर बसेन. शेवटची घंटा होईपर्यंत उठणार नाही, गावात कुठलीही फायनल असो. तुमचं एवढं तरी फेडीन म्हणतो.