चौकटीवरचे दोन काळे डाग

औरंगपुऱ्यातली माडीवरची खोली देताना मालकांनी एकच अट घातली होती. भिंतीलाच काय, दाराच्या चौकटीलाही खिळा ठोकायचा नाही. खोली दिली ती माझं आडनाव ऐकून. सोबत राहणाऱ्या मित्राचं आडनाव त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. मी त्याला शहाणपणा समजत होतो.

मित्राला पोलीस भरतीत जायचं होतं आणि उंची अर्ध्या बोटानं कमी पडत होती. रोज लोंबकळलं की उंची वाढते, यावर आमच्याकडच्या पोरांचा देवापेक्षा जास्त विश्वास. दुकानात लोखंडी दांडी मिळायची, पण ती चौकटीत स्क्रू मारून बसवावी लागे. झाली का पंचाईत! मी तेव्हा चिकलठाण्याच्या एका कारखान्यात लेथवर होतो. साहेबांना विचारून भंगारातला पाइप घेतला, एका टोकाला आटे पाडून लांब नट बसवला आणि दोन्हीकडं टायरच्या रबराच्या चकत्या लावल्या. चौकटीत आडवा धरून नट फिरवला की पाइप ताणून बसायचा. दोनदा निसटला, मित्र पाठीवर आपटला. आम्ही रबर बदललं, पण अट मोडली नाही.

त्या वर्षी, अठ्ठ्याहत्तर साली, विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात दलित वस्त्या पेटल्या. मित्राच्या गावातलं त्याचं घरही जळालं. तरी त्यानं सकाळचं लोंबकळणं सोडलं नाही. आता ती नोकरीच त्याच्या घराला उभं करणार होती. भरती पंधरा दिवसांवर आली असताना तो नामांतराच्या मोर्चात गेला, आणि मालकांनी त्याला पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते वर आले. आडनाव तेव्हाही विचारलं नाही. दांडी काढायला लावली आणि चौकटीवरून बोट फिरवलं. रबराचे दोन गोल काळे डाग पडले होते. दार खराब केलं म्हणाले, आणि त्याला संध्याकाळच्या आत जायला सांगितलं.

मला म्हणाले, "तुझं काय नाय. तू ऱ्हा इथं."

दांडी माझी, बसवलेली मी. तेवढंच म्हणायचं होतं. पण माझीही खोली जाईल या भीतीनं माझी दातखीळ बसली. त्याची अजून लाज वाटते.

मित्रानं ट्रंक भरली. जाताना दांडी माझ्या हातात दिली. "भोकच पाडायला पायजे होतं," तो म्हणाला. "मला काढायचं तर तसंही काढलंच असतं. निदान पाठीवर तरी आपटलो नसतो."

भरतीत तो उंची मोजतानाच बाद झाला, हे मला पुढं दुसऱ्याकडून कळलं.

तो गेला त्या संध्याकाळी मी रॉकेलमध्ये चिंधी भिजवून चौकट पुसली. डाग लगेच गेले. सकाळीही गेले असते.